बाबांच्या हातची लांब रोटी

नंदनवन, नागपूर
१९ जानेवारी २०२५

चि. भावनास,
आईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. पत्र पाहून घाबरू नको. फोनवर हे बोलता येत नाही, तुझे बाबा दिवसभर बाजूलेच बसून राहतात.

बागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींसोबत ते तीन दिवस कुहीकडच्या खेड्यांतून पायी फिरून आले. शेजारची मेघाही होती. रोज नव्या घरी जेवण. पहिल्या दिवशी गोळाभात, चिंचेचं सार, अंबाडीची भाजी. दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई नावाच्या शेतकरीणबाई लांब रोटी करणार होत्या, तर चुलीवरच्या उलट्या मडक्यानं त्यांचा हात भाजला. वीस माणसं उपाशी. अन् बाई, तुझे बाबा उठून चुलीपाशी बसले! मेघानं मोबाइलवर दाखवलं. सैल कणीक हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवायची अन् मडक्यावर टाकायची. एक फाटली नाही. माझ्या हातातला चहा सांडला.

पंचेचाळीस वर्षं या माणसानं स्वतःचा चहा केला नाही वं! मागच्या वर्षी माझं मनगट मोडलं, दीड महिना डब्याचं खाल्लं, तेव्हाही गप्पच. काहून म्हणून विचारलं तर उठून बाहेर जातात. भलत्याच माणसासोबत संसार केला असं वाटून राहिलं मले. तूच विचार त्यायले.

नातवाचा पापा घे.
तुझी आई, अंजना


पुणे
२४ जानेवारी

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. आईचं पत्र वाचून आधी खूप हसले. मग मेघाताईंकडून व्हिडिओ मागवला आणि हसू थांबलं. ते हात सरावाचे आहेत, बाबा. गांधीबागेतल्या दुकानात कापड मोजणाऱ्या माणसाचे नाहीत. तुम्हाला कांदा चिरता येत नाही म्हणून आम्ही किती चिडवायचो, तुम्हीही हसायचात. कुठे शिकलात? आणि आईचा हात मोडला तेव्हा गप्प का राहिलात? ती दुखावली आहे. तिला सांगवत नसेल तर मला लिहा, पण लिहा.

लेकीवर माया आहेच, ती असू द्या.
भावना


नंदनवन
२ फेब्रुवारी

चि. भावनास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

लग्नाआधी तीन वर्षं मी एका आचाऱ्याकडे होतो. मोठमोठ्या लग्नांचे स्वयंपाक. आडनाव दुसरंच सांगितलं होतं, खरं सांगितलं असतं तर कोणी उभं केलं नसतं. लांब रोटीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. एका लग्नात पंगत बसायच्या आधी गावाकडच्या एकानं मला ओळखलं आणि मांडवात मोठ्यानं सांगितलं. मारलं नाही कोणी. माझ्यासमोर खड्डा खणला आणि मी केलेल्या सगळ्या रोट्या त्यात पुरल्या. गरम होत्या, वाफ निघत होती. त्या दिवसापासून कणकेला हात लावला की ते दिसायचं. आईचं मनगट मोडलं तेव्हा एकदा परात घेतली होती. जमलं नाही.

गोपिकाबाईंना आधी माझं पूर्ण नाव सांगितलं, बौद्ध आहे म्हणून सांगितलं. चालत असेल तर हात लावतो, म्हणालो. त्या भाजलेला हात पाण्यात धरून ओरडल्या की नाव काय सांगून राहिले गा भाऊ, मडकं लाल झालं, बसा आधी. मग बसलो. त्यांच्या सासूबाईंनी दोनदा मागून खाल्ली.

हे पत्र पाकीट बंद न करता तुझ्या आईच्या हाती देतो आहे. तोंडानं सांगता आलं नाही.
तुझा बाबा, देवराव


नंदनवन
१० फेब्रुवारी

चि. भावनास,
आशीर्वाद. त्यांचं पत्र मीच टाकलं पोस्टात. आधी वाचलं. पंधरा दिवस मी या माणसाले टोमणे मारले वं. इतकी वर्षं सांगितलं काहून नाही विचारलं, तर लाज वाटत होती म्हणाले. मी म्हटलं, लाज तुम्हाले काहून? पुरणाऱ्यायले कोणाले वाटली?

काल रविवारी त्यायनं स्वतःच मडकं आणलं. मागच्या अंगणात चूल मांडत होते, मी समोर, फाटकापाशी मांडायले लावली. गल्लीतली माणसं जमली. पहिली रोटी उतरली अन् ते इकडेतिकडे पाहू लागले, कोणाले द्यावी म्हणून. मी ताट घेऊन उभीच होते.

चव काय सांगू. पहिला घास, बाई, तिथंच फाटकापाशी, साऱ्या गल्लीसमोर खाल्ला.

सुट्टी काढून ये.
तुझी आई