कासवांची शिल्लक निरंक

२ मार्च २००४
आज ठरवले. तेजस्विनी ज्या कासव संस्थेत नोकरीला लागली आहे, तिचा हिशेब मी स्वतः तपासणार. मुलगी बी.एस्सी. करून कोकणात समुद्रकाठी कासवाची अंडी राखते. पगार दोन हजार. एवढ्यात आमच्याकडे गडी गोठाही झाडत नाही. गावच्या सोसायटीत छत्तीस वर्षे सेक्रेटरी होतो, घोटाळा मला वासावरून कळतो. घोटाळा बाहेर काढायचा आणि पोरगी घरी आणायची. फार तर आठ दिवसांचे काम.

४ मार्च
मंचरला जाऊन संस्थेला फोन. अहवाल, ताळेबंद मागवला. आवाजात जरब ठेवली. पलीकडचा माणूस लगेच 'पाठवतो सर' म्हणाला. घाबरला.
फोन, मिसळ, लुनाचे पेट्रोल यात्रेच्या वहीत 'किरकोळ'मध्ये टाकले. अकरा वर्षे यात्रा कमिटीचा खजिनदार आहे. शिवाय हेही समाजकार्यच.

१३ मार्च
अहवाल आला. कागद अगदी साधा. म्हणजे चैनीचा पैसा लपवलेला दिसतो.
पान सहा. अंडी जमा, पिल्ले निघाली, शिल्लक निरंक. सगळी पिल्ले समुद्रात सोडली म्हणे! इतका उघड अपहार सोसायटीतही पाहिला नाही. हातात आलेला माल पाण्यात सोडला, त्याची पोच कुठे आहे? समुद्राने सही दिली काय?
किरकोळ खर्च रुपये ३४०. तांबड्या पेनाने खूण केली. चोर नेहमी किरकोळमध्येच दडून बसतो.
हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, पोरीनं गेल्यापास्नं एकदाबी पैसं मागितलं न्हाईत, ते बी लिवा की कुठंतरी. बायकांना ऑडिट कळत नाही.

२० मार्च
३४० रुपयांचा खुलासा मागितला होता. पावत्यांच्या झेरॉक्स आल्या. बादल्या, सुतळी, कंदिलाची काच, काडेपेटी. काडेपेटीचीसुद्धा पावती! खऱ्या माणसाकडे इतक्या नीट पावत्या नसतात. संशय बळावला.
हे सगळे फाइलला लावले. फाइल, पंचिंग मशीन: किरकोळ.

२३ मार्च
रामबाण उपाय सुचला. आमच्या गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढे माईकवर हिशेब वाचायची पद्धत आहे. माईकपुढे भलेभले ततपप करतात. सरपंच सयाजीला पटवले, यात्रेच्या शिलकीतून कासवांना अकराशे देणगी देऊ. अट एकच, संस्थेने इथे येऊन माईकवर हिशेब वाचायचा. सयाजी म्हणाला, कासवाचा आन् आपला काय संबंद, पन तुमी म्हनताय तर व्हऊ द्या.
गळ टाकला आहे.

६ एप्रिल
संस्थेने हिशेब वाचायला खुद्द तेजस्विनीलाच पाठवले. पोरगी उन्हाने काळवंडली आहे. आवाज मात्र खणखणीत. सगळे वाचले, काडेपेटीसकट. पंगत मांडली होती तरी कोणी उठले नाही. गेणभाऊ म्हणाला, लई झ्याक, आसा हिशेब आमी कदी ऐकलाच न्हाई. अडाणी माणसे, वाटेल त्याला भुलतात.
मग मी यात्रेचा वाचला. नेहमीप्रमाणे झपाट्यात. जमा, खर्च, किरकोळ, शिल्लक निरंक.
गेणभाऊ पुन्हा उठला. शिल्लक न्हाई तर मंग कासवाचं अकराशे कुठून देनार राव?
अकरा वर्षांत ही शंका कोणी काढली नव्हती. या कासवांनी गाव बिघडवले. सयाजीने माईक घेऊन जाहीर केले, यात्रेची वही तेजस्विनी तपासंल, घरातलीच हाय, काय बिघडलं?

७ एप्रिल
तेजस्विनीने रजा वाढवली. चार दिवस घरी. म्हणजे माझी मोहीम यशस्वी, मुलगी घरी आली.
ओसरीवर वही घेऊन बसली आहे. माझेच तांबडे पेन घेतले आहे.

८ एप्रिल
विचारले, अण्णा, किरकोळ म्हणजे काय?
मी म्हणालो, किरकोळ म्हणजे किरकोळ. तिने किरकोळच्या एकेका ओळीपुढे तांबडी खूण केली, मिसळ, पेट्रोल, पंचिंग मशीन, आणि खाली बेरीज मांडली. माझ्याकडे पाहिले नाही.  

९ एप्रिल
संध्याकाळी माईकवर सयाजीने पुकारले, 'हौशीराम सेक्रेटरी यांजकडून किरकोळपोटी परत जमा, एकोणीसशे वीस रुपये.' टाळ्या पडल्या. मी हात जोडले.
पैसे मी दिलेच नव्हते. तेजस्विनीने स्वतःच्या पर्समधून दिले आणि पावती माझ्या नावाने फाडायला सांगितली. हे तिच्या आईकडून कळले. मुलीसमोर इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१० एप्रिल
सकाळच्या एसटीने गेली. आता इथेच राहा म्हणणार होतो. पण मीच तिची बॅग वर ठेवली. तिने खिडकीतून सांगितले, अण्णा, मिसळ खात जाऊ नका, तुम्हाला सोसत नाही.
मार्चचा पगार तिच्या पर्समध्ये होता म्हणून निभावले. संस्थेचा पगार वेळेवर होतो, एवढे मान्य केले पाहिजे.