सवलत मागणाऱ्याने कार्ड दाखवावे

पुणे, शुक्रवार

तीर्थस्वरूप पुष्पावतीमावशीस,
सुमंतचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? मिरजगावात थंडी पडली असेल, तेव्हा सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं शुद्धलेखन तपासणं जरा कमी कर. इकडे सर्व क्षेम. (असं लिहायला लीनानं सांगितलं. बायकोचं ऐकावं.) फोनवर तू 'बरं बरं' म्हणून ठेवून देतेस, आणि मला तर सगळं सविस्तर सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी एका छोट्या विमान कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळतो, हे तुला ठाऊक आहेच. (विमानं चार, उपाध्यक्ष पाच.) दिवाळीनंतर साहेबांनी ठरवलं की कंपनी तोट्यात आहे, सबब वैमानिकांनी पगारातला तिसरा हिस्सा सोडावा. 'कपात' हा शब्द उच्चारायचा नाही, अशी सक्त ताकीद. करारनाम्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि तुझ्याकडे व्याकरण शिकलेल्या या भाच्यानं मोठ्या अभिमानानं मथळा दिला: 'वेतन-सवलत करार'. सव्वीस वैमानिकांच्या वतीनं बोलते ती कॅप्टन रोहिणी, तुझीच विद्यार्थिनी, तुमच्या गावच्या लंकाबाईंची मुलगी. तिची सही झाली की बाकीचे करतील; आणि ती आणली नाहीस तर तुझी खुर्ची रिकामी समज, असं साहेब मला म्हणाले. म्हणून रोहिणी सुट्टीवर घरी आल्याचं कळताच गेल्या महिन्यात मी मिरजगावला येऊन गेलो. (तुला न भेटता परतलो, हे तुला कळलं आहे, हे मला कळलं आहे. कारण पुढे येईल.)

रोहिणी ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. सत्तर माणसं घेऊन ढगातून जाणारी बाई ती. माझे हात आपोआप जोडले गेले. कागद मात्र घेतला लंकाबाईंनी. बाई वीस वर्षं ऊसतोडीला गेल्या आणि टोळीचा भाव त्याच ठरवून घ्यायच्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं; असतं तर मी साहेबांनाच पाठवलं असतं. त्यांनी अक्षर लावत मथळा वाचला आणि चेहरा फुलला. पोरीला कंपनीनं सवलत दिली! लगेच साखरेचा डबा बाहेर आला, शेजारच्या मनकर्णाबाईंना हाक गेली, गल्लीभर साखर वाटून झाली. माझ्याही हातावर ठेवली. मी खाल्ली, मावशी. काय करणार? रोहिणी खाली मान घालून खडे वेचत होती, पण तिचे खांदे हलत होते.

साखर विरघळल्यावर मी खरं काय ते सांगितलं.

"म्हंजी सवलत आमी द्यायची? तुमच्या सायबाला?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता झाडू निघतो. पण बाईंनी मला चहा दिला, कमरेच्या पिशवीतून आपलं आधार कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"नगरला जाते तवा एस्टीत मला अर्धं तिकीट हाय. पन हे दावल्याबिगर कंडक्टर देत न्हाई. सवलत मागनाऱ्यानं कार्ड दावायचं असतंय. तुमच्या सायबाचं कार्ड कुठं हाय?" कार्ड म्हणजे काय, तेही बाईंनीच सांगितलं: साहेबलोकांचे पगार, भत्ते, गाड्या, सगळं लेखी. मग कागद उलटसुलट बघून दुसरा प्रश्न. "तिकिटावर उतरायचं ठिकान लिव्हलेलं असतंय. ह्याच्यावर न्हाई. माझ्या पोरीनं उतरायचं कुठं?"

मावशी, तीन वकील आणि मी मिळून तो करार चार आठवडे घासत होतो. सवलत किती दिवसांची, हे लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. (साहेबांना सुचलं असावं, म्हणूनच लिहिलं नव्हतं.) मला लाज वाटली आणि खरं सांगतो, आनंदही झाला. रोहिणीनं पेन पुढे केलं आणि त्याच कागदाच्या पाठीवर मी माझ्या हातानं दोन्ही अटी लिहून घेतल्या. त्यानंतर असं भाषांतर केलेलं तोंड घेऊन तुझ्या दारात कसा येणार? मिळेल ती गाडी धरली.

साहेब अर्थातच कडाडले. पण सव्वीसच्या सव्वीस जणांनी दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही करायला नकार दिला. रोहिणीनं एकही विमान थांबवलं नाही, आवाज चढवला नाही. रोज विमान उतरवून यायची आणि हसून विचारायची, "सर, कार्ड आलं का?" सतराव्या दिवशी आलं. त्यात पाचही उपाध्यक्षांचे पगार दिवाळीतच वाढलेले निघाले. आता आधी त्यांची कपात (शब्द उच्चारायला परवानगी मिळाली आहे), मग वैमानिकांची, तीही दहावा हिस्सा, आणि उतरायचं ठिकाण एकतीस मार्च. माझी खुर्ची वाचली, कारण लंकाबाईंशी बोलायला साहेबांकडे दुसरा माणूस नाही. इतक्या वर्षांत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण त्या मायलेकींसारखी नाही.

गुडघ्याला तेल लावत जा आणि माझ्यावरचा राग जमेल तसा उतरव.

तुझा,
सुमंत

ता. क. लंकाबाईंचा साखरेचा डबा माझ्यापायी रिकामा झाला, म्हणून दोन किलो साखर सोबत पाठवतो आहे. माझं नाव न सांगता दे.

ता. क. २. नाव सांग. त्याचं असं आहे की कचेरीतल्या माणसांसाठीही तोच करार होता, तिसऱ्या हिश्श्याचा. वैमानिकांपुढे आदर्श हवा म्हणून पहिली सही माझी घेतली, आणि मी ती न वाचता केली; भाषांतर माझंच, वाचायचं काय? त्यावर उतरायचं ठिकाण नाही. लीनाला अजून माहीत नाही. लंकाबाई एकदा पुण्याला येऊन साहेबांशी बोलतील का, एवढं विचारशील? मागणारा मी आहे, म्हणून माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आहे.