बाबांचा चेहरा लाकडावर

ती. डेबोराताईस,

पेण-रामवाडीहून सायमनचा शालोम आणि वाकून नमस्कार (कंबर धरून, पण वाकलो). तुझे गुडघे आणि भाओजींची साखर ताब्यात असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. दुकानाला लागलेली आग किरकोळ होती. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पाटीसोबत हे पत्रही तुझ्याकडे निघालेल्या एलियाहच्या बॅगेत कोंबलं आहे.

तुझी मागणी साधी होती. भाच्याच्या नव्या घराच्या भिंतीवर बाबा हवेत, लाकडावर लेझरने कोरलेले, आणि "चेहरा स्पष्ट पाहिजे, सायमन, नायतर पाठवूच नकोस." आता बाबांचा जगात फोटो एकच, रोह्याच्या लग्नातला. त्यात साठ माणसं, बाबा मागच्या रांगेत, आणि नेमकी त्याच क्षणी मान वळवलेली (कोणी हाक मारली असेल? आईच असणार). पोह्याच्या दाण्याएवढा चेहरा, तोही हललेला. पण मी दारावरच्या पाट्या अशा कोरतो की पोस्टमन रस्त्यावरून वाचतो, त्या गर्वात हो म्हणालो.

पहिली चूक भावनेच्या भरात झाली. कासू गावातल्या आपल्या तेलाच्या दुकानाची एक फळी मी जपून ठेवली होती. बाबांचा चेहरा बाबांच्याच फळीवर, याहून काय हवं? त्या फळीने आजोबांपासून दोन पिढ्या तिळाचं तेल प्यायलं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेझर कपाळापर्यंत आला आणि बाबा पेटले. माझ्या ऋतुजाने बादली आणून अर्धी फळीवर ओतली आणि अर्धी बापावर.

मग तिनेच मोबाईलवर बघून शिकवलं. लाकूड फिकट घ्यायचं, रेषा नसलेलं. पॉलिश पेपरने गुळगुळीत घासायचं, वर कागदी चिकटपट्टी लावायची म्हणजे धुराचा डाग बसत नाही, आणि फोटोतलं काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करून घ्यायचं. सगळं केलं. बाबांच्या शेजारच्या माणसाच्या कोटाची बटणं मोजता येतील इतकं स्वच्छ काम झालं. बाबा मात्र तसेच, धुक्यात कुठेतरी बघणारे. मशीन बिचारं फोटोत आहे तेवढंच जाळणार, नाही ते कुठून आणणार?

मी डोकं धरून बसलेला असताना शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातले दिनानाथ आले. पेणमध्ये मूर्तीचे डोळे त्यांच्यासारखे कोणी आखत नाही. "डोळं बसलं नाय तर चेहरा उघडत नाय. दे इकडं," म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत बारीक ब्रशने दोन्ही डोळे आखून मोकळे झाले. डोळे सुंदर होते, ताई. फक्त ते गणपतीचे होते (पन्नास वर्षं हाताला तेच वळण, त्यांचा काय दोष?). दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दाराची पाटी न्यायला आलेल्या नम्रता मॅडमनी चपला बाहेर काढल्या आणि जाताना बाबांपुढे जास्वंद ठेवून गेल्या. आपल्या बापाला लोक मानतात याचा आनंदच आहे, पण आपल्या बेने इस्राएलांत अशी चित्रपूजा चालत नाही. आणि पुढे एकीने मुलाच्या बारावीसाठी बाबांना साकडं घातलं, तेव्हा मी ती पाटी कपाटात घातली.

आठ दिवसांनी अखेर चेहरा आला. टोपी, मिशी, भुवया, सगळं स्पष्ट. खात्रीसाठी कासूला बायजाकाकूंकडे घेऊन गेलो. त्या नवी नवरी असल्यापासून बाबांकडून तेल न्यायच्या. आता पंच्याऐंशीच्या आहेत, चष्मा लावत नाहीत. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आगो बाय! ह्यो तर सामाजीशेट. तेल मापताना असाच बघायचा." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो, लपवत नाही. तीच पाटी तुला पाठवली आहे. भाच्याला आशीर्वाद, भाओजींना शालोम.

तुझा,
सायमन

ता. क. पाटी ओल्या फडक्याने पुसू नये. तेल तर अजिबात लावू नये.

ता. क. २. हे एलियाहसमोर वाचू नकोस. पाटीवरचा फोटो बाबांचा नाही, माझा आहे. ऋतुजाने मला खिडकीच्या उजेडात बसवून काढला. टोपी उसनी आहे, मिशी पेन्सिलीची. स्पष्ट फोटोसाठी माणूस समोर बसावा लागतो, मी तरी काय करणार?

ता. क. ३. रागाव, पण आधी ऐक. बाबा गेले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि मी दोन. मला त्यांचा चेहरा आठवत नाही गं. हे आजवर कोणाला बोललो नाही. बायजाकाकूंना नीट दिसत नाही, म्हणून त्यांची साक्ष मी धरत नाही. पण तू पाटी बाहेर काढलीस तेव्हा हे वाचलं नव्हतंस. त्या पहिल्या क्षणी तुला कोण दिसलं, तेवढं खरं कळव.