बोळवणीचं शेवटचं कडवं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक हे लिहायला धीर होतोय. मी तरी चौथीपर्यंतच शिकले. लग्नानंतर पुड्यांचे कागद वाचत वाचत पुस्तकांपर्यंत आले. तुझे जावई वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि गुपचूप डब्यांमागे ठेवायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. आता पिंप्राळ्याच्या घरात मी, पोरगा आणि सून. गेले आठ दिवस मला एक भीती वाटते आहे. ती ज्यांना सांगावी अशी दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकापासून मी तिच्यामागची गोष्ट जन्मभर लपवली.

जिच्या गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या ती अक्का आता गात नाही. साक्रीकडे आपल्या गावी असते, दात पडलेत, ऐकायला कमी येतं. पण तिचे चाहते अजून आहेत आणि त्यांनी फोनवर एक ग्रुप केला आहे. पोराने मलाही त्यात घातलं. म्हणाला, "आई, बाबांच्या कॅसेटी तूच तर पाठ केल्यात." तिथे दिवसभर एकच वाद असतो, अक्काचं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं. कुणी म्हणतं तिचा खरा आवाज लग्नांत लागायचा, कुणी म्हणतं जत्रेत. बेंजोवाला घेतला तिथेच ती बिघडली असं म्हणणारे चार जण आहेत. धुळ्याचा एक रिक्षावाला हळदीच्या गाण्यासाठी रोज भांडतो. पण भांडून दमले की सगळे कानबाईच्या बोळवणीवर, देवीला निरोप द्यायच्या गाण्यावर, येऊन थांबतात. त्या गाण्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आठ दिवसांपूर्वी शिरपूरच्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, बोळवणीचं शेवटचं कडवं नीट ऐका, तो आवाज अक्काचा नाही, कुण्या कोवळ्या पोरीचा आहे. रिक्षावाल्याने लगेच बोलून पाठवलं, "गुरुजी, कान दखाडी या डॉक्टरले. अक्काना आवाज आम्ही झोपमा वळखतस." गुरुजींचं उत्तर आलं, "झोपमाच ऐकस तू भो. जागा व्हईसन ऐक." सगळे हसले. मी पीठ मळत होते. हात पिठात तसाच राहिला.

धुळ्यातली ती माडीवरची खोली मला अजून दिसते. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण पंधरा दिवसांवर, श्रावणाच्या आत कॅसेट बाजारात यायची आहे. खिडक्यांना गोधड्या टांगल्यात, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपमध्ये येतो. कानबाईची गाणी तुझ्याइतकी कुणाला येत नाहीत म्हणून अक्काने तुला बोलावलंय, आणि तुझ्यामागे मी, सतरा वर्षांची, लग्न ठरलेली. बोळवणीची पाळी आली तशी तू उठून उभी राहिलीस. "घरमा बोळवन नही म्हनतस. वट्टावर चला." देवी नदीवर निघाली की अंगणात म्हणायचं गाणं ते, घरात म्हटलं तर घरातलं माणूस निघून जातं, हे तू लहानपणापासून सांगत आलेली. कॅसेटवाला म्हणाला, "मावशी, ओट्यावर गाड्यांचे हॉर्न येतील." तू बसलीस, पण माझा हात घट्ट धरून.

अक्का शेवटच्या कडव्यापर्यंत आली आणि थांबली. देवी म्हणते, मी गेल्यावर तुझ्या दारात दिवा कोण लावेल, ते कडवं. त्याच वर्षी तिची लेक गेली होती. तिने तोंडावर पदर घेतला, ढोलकी वाजतच राहिली, आणि मी गायला लागले. मुद्दाम नाही, माय. आपल्याकडे कानबाईपुढे एकीचा गळा दाटला की शेजारची उचलते; गाणं तुटू द्यायचं नाही, हे तूच शिकवलंस. मी सवयीने उचललं. कॅसेटवाल्याने ते तसंच ठेवलं.

बाहेर आल्यावर तू मला मारलं नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तू अक्काला म्हणालीस, "हिना सासरले कळनं तर सोयरीक मोडी जाई." लग्न ठरलेल्या पोरीचा आवाज कॅसेटीतून बाजारात जाणं तेव्हा चालणारं नव्हतं. कानबाईची आण घेऊन तिघींनी शब्द दिला, हे कुणाला सांगायचं नाही. सोयरीक मोडली नाही. तुझे जावई दर श्रावणात ती कॅसेट लावायचे, नंतर फोनवर लावायचे. शेवटचं कडवं आलं की बोट वर करून म्हणायचे, "ऐक, अक्का खरी इथे गाते." मी "हं" म्हणायची. तीस-पस्तीस वर्षं मी हं म्हटलं. ते गेले त्या सकाळी घरात तेच वाजत होतं. इतकं वाचलंय मी, गाण्याने माणूस मरत नाही हे मला समजतं. तरी त्या दिवसापासून कालपर्यंत मी ते घरात वाजू दिलं नव्हतं.

परवा ग्रुपमधला साक्रीचा एक पंक्चरवाला अक्काच्या घरी गेला, तिच्या कानाशी गाणं लावलं आणि ती काय बोलली ते ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, म्हातारी विसरली असेल, आवाज आपलाच म्हणेल, आणि सुटेन मी. पण ती बोलली, "तो आवाज मन्हा नही. मन्हापेक्षा गोड शे. नाव नही सांगाव मी. शब्द देल शे."

आता सगळे शोधायला लागलेत. काल पोराने स्वयंपाकघरात ते कडवं तीनदा लावलं. "बंद कर," म्हटलं, तर म्हणाला, "आई, कोण असेल गं ही? बाबांना कळायला हवं होतं." मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्याच्या बापाशी खोटं वागले, आता लेकाशी. त्याला कळलं तर तो पहिलं हेच विचारेल की बाबांना का नाही सांगितलंस. तू होतीस तोवर तुझ्या भीतीने गप्प होते. तू गेल्यावर कुणाच्या भीतीने होते?

हे पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवीन, पुस्तकं ठेवायची तिथे. एकच सांगते. आज सकाळी मी ते कडवं म्हटलं, पुरतं, मोठ्याने. घरात नाही म्हटलं, माय, ओट्यावर म्हटलं. पण पोरगा तिथेच स्कूटर पुसत होता, हे मला माहीत होतं.