चारशे बारा माणसांची परीक्षा

तीर्थस्वरूप दाजी,

इथून वाकून केलेला नमस्कार तिथे पोहोचेपर्यंत थोडा सरळ झाला असेल, तरी गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणते जिना चढताना दुखतो, तुम्ही म्हणता उतरताना. डॉक्टरांना काय ते एकदा ठरवून सांगा. इकडे सगळं ठीक. सौ.ची सर्दी गेली, ती आता माझ्याकडे आहे.

मी मोबाइलवरचा माणूस झालो, हे ताईने सांगितलं असेलच. तीस वर्षं मान खाली घालून शिलाई मशिनं दुरुस्त केली, पण हल्ली दुकानात माशीसुद्धा विचारपूस करून परत जायची. पलीकडच्या पडदेवाल्याला पाच हजार फॉलोअर आहेत असं सौ.ला कळलं आणि तिने माझ्या नावाचं पान उघडलं. रोज एक व्हिडिओ. ती मोबाइल दोऱ्याच्या रिळांच्या खोक्याला टेकवून उभा करते आणि मला हसायला सांगते. (बॉबिन केस साफ करताना कोणता माणूस हसतो, हे मला अजून समजलेलं नाही.) दोन महिन्यांत चारशे बारा फॉलोअर झाले. त्यांतला दुकानात आला म्हणाल, तर एकही नाही. एकाने हजार फॉलोअर विकत देतो म्हणून निरोप धाडला. मी कळवलं, खोटी माणसं दुकानात बसवून ठेवली तर त्यांना चहा कोण पाजणार?

पण त्या निरोपाने मनात किडा सोडला. हे चारशे बारा तरी खरे कशावरून? तुम्हाला ठाऊक आहे, दुरुस्त केलेलं मशीन दुपदरी चिंधीवर दोन हात टीप मारून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. तोच नियम माणसांना लावला आणि तिथेच माझी बुद्धी फिरली. गंभीर चेहरा करून मी व्हिडिओत सांगितलं की, मशीनचं तेल संपलं असेल तर स्वयंपाकघरातलं खायचं तेल घाला, प्रत्येक भोकात दहा थेंब. (दाजी, खायचं तेल मशीनमध्ये आठ दिवसांत डिंकासारखं चिकटतं आणि चाक जागचं हलत नाही. हे शिवणाच्या क्लासात पहिल्याच दिवशी सांगतात.) मन लावून पाहणारा ताडकन उठून विचारेल, अहो, शुद्धीवर आहात का? असे किती निघतात ते मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी खरं ते सांगून टाकायचं, असा बेत होता. सौ.च्या काही लक्षात आलं नाही. ती माझा चेहरा नीट दिसतोय का एवढंच बघते, शब्द ऐकत नाही. पंचवीस वर्षांची सवय आहे.

एकही उठला नाही. नव्वद जणांनी ‘खूप छान माहिती’ लिहिलं. पडदेवाल्याने अंगठा दिला, आणि तो स्वतः दिवसभर मशीनवर बसतो! दुसऱ्या दिवशी सौ.ला ताप भरला, मोबाइल मांडणार कोण, म्हणून खुलासा राहिला. तिसऱ्या दिवशी, खोटं कशाला बोलू, मी विसरलो.

नवव्या दिवशी दुकानापुढे रांग. सौ. म्हणाली, देवाने ऐकलं. (देवाने नव्हे, लोकांनी ऐकलं, हाच तर घोटाळा होता.) रांगेत शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई होती. मशीनचं डोकं चादरीत बांधून कडेवर घेऊन आली होती. म्हणाली, “दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो. दहा म्हणजे दहाच थेंब, मोजून घातले. तरी बसलं. माझंच काहीतरी चुकलं असेल.” शाळा आठ दिवसांवर आणि तिचे चाळीस गणवेश शिवायचे राहिलेले. मी सगळी कामं बाजूला सारली, मशीन रॉकेलने धुतलं, संध्याकाळच्या आत परत दिलं आणि काही घेतलं नाही. ती जाताना म्हणाली, अशी माणसं आता राहिली नाहीत. ते ऐकून मला ती रॉकेलची वाटी तोंडाला लावावीशी वाटली. माझा शब्दन् शब्द खरा मानणारी ही बाई, आणि परीक्षा घेऊन मी तिलाच बुडवायला निघालो होतो.

तेव्हापासून सकाळी देवासमोर डोळे मिटले की तेलाची बाटली दिसते. क्षमा कर म्हणायला जावं, तर वाटतं, आधी त्या बाईला म्हण. ते धाडस होईना, म्हणून परवा व्हिडिओत सगळं कबूल केलं. चूक माझी, मुद्दाम केलेली, ज्यांचं मशीन अडलंय त्यांनी आणावं, फुकट धुऊन देईन. त्याखाली एकशे सात जणांनी ‘खूप छान माहिती’ लिहिलं. एकाने लिहिलं, दादा, रोज असंच सांगत जा. वर अकरा फॉलोअर वाढले.

ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुम्ही चौतीस वर्षं हेडमास्तर होता. तुमचा लाल शाईतला शेरा वाचून मुलं तर सोडाच, त्यांचे वडील रडत यायचे. तसा एक शेरा माझ्या त्या व्हिडिओखाली लिहा. ‘लाज वाटली पाहिजे’ हे शब्द हवेतच, म्हणजे लोक थांबून मी काय बोललो ते ऐकतील. ताईच्या मोबाइलवरून नको, ती प्रत्येक वाक्यापुढे फूल टाकते.

ता. क. २ सोमवारपर्यंत थांबलात तरी चालेल. लोक ‘दादा, दादा’ करतात ते कानाला गोड लागतं. वाईट आहे, पण आहे.

ता. क. ३ पाकीट चिकटवणार, इतक्यात गणवेशवाली बाई नणंदेचं मशीन घेऊन आली. तिने व्हिडिओ पाहिलेला नव्हता, शिवणातून मान वर काढायला वेळच नव्हता म्हणे. शेवटी तोंडाने सगळं सांगितलं. तिने मशीन खाली ठेवलं, पिशवीतून मोबाइल काढला आणि विचारलं, “फॉलो केलेलं काढायला कुठे दाबायचं?” दाजी, ते मीच दाखवलं. मग जाता जाता दारातून म्हणाली, “हे गुरुवारी पाहिजे. हात चांगला आहे तुमचा, दादा. तोंड मिटून करा.”

शेरा आजच लिहा.