आईला सांगितलेली गाठ

सोमवार, ४ ऑगस्ट
१. सकाळी धाकट्या भावाचं छातीचं ऑपरेशन झालं. दोन्ही स्तन काढले. कळायला लागल्यापासून त्याला हेच हवं होतं.
२. सर्जन म्हणाल्या, व्यवस्थित झालं.
३. आईला फोन केला. 'छातीत गाठ होती, काढली' असं सांगितलं. हे आम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं.
४. आईनं विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी म्हणाले, डाव्या. हे ठरलेलं नव्हतं.

बुधवार, ६ ऑगस्ट
घरी आणलं. दोन्ही काखांखाली नळ्या, टोकाला छोट्या बाटल्या. मी दिवसभर नोकरीवर, प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायचे, घरी येऊन बाटल्यांतलं पाणी मोजून ओतायचं. हात वर करायचा नाही, म्हणून त्याचे केस मी धुते.
"ताई, कानात साबण गेला."
जाऊ दे. माझी कंबर मोडलीय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
आईचा फोन. "धाकटी जेवली का?" तो मुलगा आहे हे तिला दोनदा सांगून झालंय. दोन्ही वेळा ती उठली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली.
आज म्हणाली, "मीही तपासून घेतलं. घराण्यात असतं म्हणतात. रिपोर्ट यायचाय. तूही करून घे."
धाकट्याला सांगितलं. "आता आईशी गाठ आहे," म्हणाला. मला हसू आलं नाही. तिला झोप लागत नसणार.

रविवार, १० ऑगस्ट
आईचं पार्सल. आयुष्यभर बायकांचे ब्लाउज शिवले तिनं. आता ही मऊ सुती चोळी, पुढे बटणं, म्हणजे हात उचलायला नको. डाव्या बाजूला आतून कापूस भरलाय. फोनवर म्हणाली, "बाहेर जाताना घालू दे. कुणाला कळायचं नाही."
धाकटा हसायला लागला, टाके ताणले म्हणून थांबला. मग चोळी उलटी करून शिवण बघत बसला.
"किती बारीक घातलीय."
"सांगू या तिला?"
"तू सांग. मी तोंड उघडलं की ती मशीन सुरू करते."

मंगळवार, १२ ऑगस्ट
नळ्या काढल्या, पट्टी उघडली. आरशासमोर बराच वेळ होता, मी दाराबाहेर. मग शर्ट घालून आला. "खांदे उतरतात गं याचे." तक्रार नव्हती. आजवर पोक काढून चालायचा. आज ताठ होता.
चोळी त्यानं घडी करून कपाटात ठेवलीय.

बुधवार, १३ ऑगस्ट
आईला पाठवलं ते असं:
आई, गाठ नव्हती. घराण्यात काही नाही, घाबरू नकोस. दोन्ही बाजू काढल्यात, त्याला हव्या नव्हत्या म्हणून. खोटं मी बोलले. तो बरा आहे. सगळे शर्ट त्याला खांद्यात सैल होतात. माप घ्यायला येशील का? येणार असलीस तरी, नसलीस तरी, रविवारपर्यंत कळव.