नारळावर लिहिलं तेव्हापासून

३ मार्च, मंगळवार

वेबसाइटवाल्याचा यवतमाळहून फोन. म्हणे वहिनी, दर आठवड्याले ब्लॉगवर कायतरी टाकत जा, नाहीतर नेरमध्ये कोणी बोअरवाला शोधला तर तुमच्या बोअरच्या गाडीचं नाव वर येत नाही. टाकलं मंग. "आमच्याकडे अत्याधुनिक यंत्रसामग्री व अनुभवी कर्मचारीवृंद उपलब्ध असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." टाकून झाल्यावर वाचलं अन् मलेच हसू आलं. कर्मचारीवृंद म्हणजे कोण, तर तंबाखू मळत बसलेला ड्रायव्हर अन् माहा नवरा. सचिनले कोणी ध्येय विचारलं तर तो म्हणन, आधी जेवू द्या.

आमच्या घरात असं कोणी बोलते का? मंग मी काहून लिहून राह्यली असं? वाचतही कोणी नाही. मागच्या पोस्टले एक लाइक. तो माहाच.

७ मार्च

स. सोबत साइटवर गेलती. नेहमीसारखं. गाडी यायच्या आधी मामाजी. माहे सासरे या भागातले नावाजलेले पाणाड्ये. पार्टी पहिले त्यायले बोलावते, ते तळहातावर नारळ आडवा धरून वावरात फिरतात, नारळ उभा राह्यला की तिथं दगड ठेवायचा, हळदकुंकू, अन् मंग आमची गाडी. म्हणजे आमच्या चुलीची सुरुवात त्या नारळापासून होते, हे मले कळत नाही असं नाही.

नारळ उभा राह्यला. सगळ्यायनं हात जोडले. मीबी जोडले. बोअर कोरडा गेला, नुसता धुळीचा भुरका उडाला दिवसभर. मामाजी शांतपणे म्हणाले, "पाण्याचा झिरा होता. सरकला." अन् पार्टीनं मान हलवली! हो म्हणे, सरकला असन. मले असा राग आला! स. म्हणे काय झालं, म्हटलं डोकं दुखते.

८ मार्च

लिहिलं. सकाळी भाजी फोडणीले टाकली अन् गॅस बंद करून आधी लिहिलं. घरात बोलतो तसंच लिहिलं, कर्मचारीवृंद-बिंद काही नाही.

"आमची बोअरची गाडी आहे. तरी सांगते, नारळ उभा राह्यला म्हणून खाली पाणी असते असं मले वाटत नाही. पाणी लागलं की नारळ खरा, नाही लागलं की झिरा सरकला, मंग नारळ खोटा ठरन कधी? गाडी आमचीच लावा, पण हात जोडायच्या आधी इचार करा." अजून बरंच. मामाजीचं नाव नाही घेतलं. स.ले विचारलं नाही. विचारलं असतं तर टाकलंच नसतं.

टाकल्यावर भाजी पुन्हा गॅसवर ठेवली. बापा, किती मोकळं वाटलं.

९ मार्च, सोमवार

मायबाई! हे काय झालं? सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यलं. घाटंजीहून भावाचा फोन, हसता हसता त्याले बोलता येईना. "ताई, सासऱ्याचाच नारळ फोडला का वो!" मी हसली नाही. खाली लोकायनं लिहिलेलं: कोणी "शाबास", कोणी "सुनेले आवरा", एकानं नुसता नारळाचा फोटो.

स. दुपारीच घरी आला. एवढा भडकलेला मी त्याले पाह्यला नव्हता. "गाडी आपली, बाप आपला, अन् इज्जत काढणारी बी आपलीच? काढ ते."

म्हटलं, खोटं काय आहे त्याच्यात, सांग.

"खरं-खोटं मले नको सांगू. काढ."

नाही काढलं.

११ मार्च

मामाजीच्या जवळ साधा फोन आहे, ते कशाले वाचतील, असं मले वाटलं होतं. एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यायले मोठ्यानं वाचून दाखवलं. चारचौघांत. एका शब्दाची गय न करता.

घरी आले, पाय धुतले, जेवले. भाकर अजून मागितली. मी वाट पाहून राह्यली की आता बोलतील, आता बोलतील. उठताना म्हणाले, "आता जागा तूच दाखवत जाय पोरी. माह्याच्यानं उन्हातान्हात होत नाही तसंबी."

रागानं म्हणाले की खरंच? चेहऱ्यावरून काही समजलं नाही. त्यायले मले सांगायचं होतं की मी तुमच्याबद्दल नाही, नारळाबद्दल लिहिलं. पण नारळ काय आपोआप फिरते का वावरात?

१५ मार्च

गाडी उभी. दोन पार्ट्या दुसऱ्याकडे गेल्या. एकानं तर तोंडावर सांगतलं, जिथं सुनेचाच इश्वास नाही तिथं आम्ही कायले ठेवाव. ऐन उन्हाळ्यात गाडी दारात. मी धुणं वाळत टाकायले गेली की ती समोर दिसते, मले पाठ फिरवून टाकावं लागते.

स. माह्याशी जेवणापुरता बोलते. "वाढ." "पुरे." मामाजी आंगणात बाज विणत बसले. विणलेली बाज उसवून पुन्हा विणून राह्यले, मी पाह्यलं. ओरडाव ना माह्यावर. दोन शिव्या द्या. हे असं गप बसणं कोणाले सहन होते?

पोस्ट काढून टाकू का? फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. काढली तर घरात शांती होईन. अन् मी पुन्हा "ग्राहकांचे समाधान" लिहीत बसीन जन्मभर.

१९ मार्च, गुरुवार

फोन आला! दारव्हा रोडवर कुंदाताईची नर्सरी आहे, आंबा-लिंबूची कलमं, फुलझाडं. विहीर आटत चालली. "तुम्हीच का त्या नारळवाल्या? मी तीनदा वाचलं तुमचं. खरं बोलणारं कोणीतरी भेटलं म्हटलं. माझ्याकडे बोअर मारायचा, पण जागा तुम्ही सांगायची."

म्हटलं, ताई, माझे मिस्टर सांगतील, त्यायले अनुभव आहे.

"नाही नाही. लिहिलं कोणी? तुम्ही. मग तुम्हीच या."

फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. खोटं कायले सांगू, घेतली. माह्या लिहिण्यानं आलेली पहिली पार्टी! स.ले सांगतलं तर म्हणे, "जागा तू दाखवणार? तुले काय समजते?" म्हटलं, अमरावतीहून पाणी शोधणारा मशीनवाला बोलावू. तो गाडी पुसायले निघून गेला. पण जेवताना "वाढ"च्या पुढं दोन शब्द जास्त बोलला.

२२ मार्च

मशीनवाला आला. जमिनीत खिळे ठोकले, वायरी लांबवल्या, काटा पाह्यला, कागदावर काहीबाही लिहिलं. दोन जागा दिल्या. एक विहिरीच्या पलीकडं, एक शेडजवळ. म्हटलं, यातली चांगली कोणती? तो वायर गुंडाळत म्हणे, "दोन्ही सारख्याच. खात्री कोणीच देत नाही मॅडम. तुम्ही ठरवा."

कुंदाताई माह्याकडं पाहून राह्यल्या. त्यायचा माळी पाहून राह्यला. स. मुद्दाम दुसरीकडं पाहून राह्यला. मी शेडजवळ दगड ठेवला.

घरी मामाजीनं विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून. "काय म्हणते मशीन?"

"दोन जागा म्हणते."

"मंग?"

"मी एक धरली. शेडजवळची."

"काहून तेच?"

खरं तेच सांगतलं, "तिथून पाईप जवळ पडते."

त्यायच्या मिशीत हसू आलं. थट्टेचं नाही. "माहं बी असंच असते बरेचदा," म्हणाले, अन् हात धुवायले उठले.

काय म्हणाले हे? दिवसभर तेच डोक्शात. म्हणजे त्यायलेबी माहीत आहे? इतकी वर्षं? स.ले सांगतलं नाही. हे कोणालेच सांगायचं नाही, ब्लॉगवर तर नाहीच. बघा, माह्यातही लपवायचं काही निघालंच.

२५ मार्च, बुधवार

कोरडा.

सकाळीच गाडी लागली. कुंदाताईनं शेजारपाजारच्यायले बोलावलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, चहा फिरून राह्यला होता. ब्लॉग वाचून दोघं-तिघं तर मुद्दाम पाहायले आलते. एकानं माह्यासोबत फोटो काढला. मी उभी राह्यली, पदर नीट करून. बह्याड मी.

भुरका. काळा भुरका, मंग राखाडी, मंग पुन्हा काळा. रॉडवर रॉड चढून राह्यले अन् भुरकाच. कलमायची पानं सगळी पांढरी झाली. दुपारनंतर खुर्च्या एकेक रिकाम्या होत गेल्या. शेवटी स.नं हात वर केला अन् गाडी बंद. एवढा आवाज दिवसभर, अन् मंग एकदम काहीच नाही.

तेव्हा दिसलं, रस्त्याच्या पलीकडं कडुलिंबाखाली मामाजी उभे. कोणी बोलावलं नव्हतं. केव्हापासून उभे होते कोण जाणे. आत आले नाहीत.

कुंदाताई काही वाईट बोलल्या नाहीत. पाइप घेऊन पानं धुवायले लागल्या, विहिरीच्या उरल्या पाण्यानं. जाताना एवढंच, "विहिरीपलीकडं मारला असता तर?"

काय सांगू? माह्या तोंडावर आलतं, अगदी जिभेवर आलतं: झिरा सरकला असन.

२६ मार्च

जेवण गेलं नाही. स. रागावला नाही, हे तर अजून वाईट. बाजूले बसून म्हणे, "अर्चे, होते असं. दहाजणाचे लागतात, दोघाचे नाही लागत. पण हे नको टाकू तिथं. लोक विसरतील."

लोक विसरून राह्यले नाहीत. ब्लॉगखाली विचारून राह्यले. "वहिनी, नर्सरीत लागलं का पाणी?" "मशीन जिंकली का नारळ?" तिसऱ्यानं नुसती जीभ काढलेलं तोंड.

लिहून ठेवलं. मशीननं दोन जागा दिल्या, निवडली मी, पाईप जवळ पडते म्हणून निवडली, कोरडा गेला, झिरा वगैरे काही सरकला नाही. वाचलं. हे टाकलं की माह्या भरोशावर कोण येणार? नारळवाले गेलेच, आता बिननारळवालेबी जातील. गाडी काय आंगणात शोभेले ठेवायची? अन् नाही टाकलं तर मंग मी सासऱ्याले कोणत्या तोंडानं...

टाकलं नाही. काढलंबी नाही.

२८ मार्च, शनिवार

मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राह्यले. ते कधी तिथं येत नाहीत. "तू काही लिहिलं म्हणे. सच्या सांगून राह्यला. वाच बरं."

वाचून दाखवलं. उभ्यानं ऐकलं, मान खाली घालून. टपरीवर बी असंच ऐकलं असन.

मंग म्हणाले, "एवढं सगळं कायले लिहिते? माहं नाव टाक. म्हण, म्हातारा आदल्या दिवशी आलता, नारळ धरला, अन् माही जागा बदलवली. लोकायले पटते. माह्या नावावर ढीगभर फेल बोअर हायेत, अजून एक गेला तर मले काय होते?"

म्हटलं, मामाजी, असं कसं लिहू? हे खोटं आहे.

"हाये ना खोटं. पण तुह्या लिहिण्याले आत्ता कुठं लोक यायले लागले. पहिलाच फेल तुह्या नावावर नको." अन् मंग हळूच, "मले मांगं कोणी असं म्हणणारं नव्हतं. पहिला फेल गेला त्या दिवशी मी झिरा सरकला म्हटलं, मंग तेच म्हणत राह्यलो."

मी तवा उतरवून ठेवला अन् रडली. त्यायच्या समोरच. ते गोंधळले बिचारे, म्हणे, "अवो, पोळी जळन." तवा तर खाली होता.

३० मार्च

काल दिवसभर घरात एकच गोठ, मामाजीचं नाव टाकायचं का नाही. स. म्हणते, बाबा स्वतःच म्हणून राह्यले तर तुह्या बापाचं काय जाते. मी म्हटलं, माह्या बापाचं नाही, तुह्या बापाचं जाते, म्हणूनच. त्यानं दार आपटलं. मामाजी काल सकाळीच धोतर बदलून कुठंतरी गेले, उन्हाचे परत आले, कुठं गेले सांगतलं नाही.

मी ठरवलं होतं. खरं ते टाकायचं, आजच, चहा झाला की. होऊन जाऊ दे जे व्हायचं ते.

अन् आत्ता कुंदाताईचा फोन. आवाज वेगळाच. "अर्चना, काल तुमचे सासरे आले होते. हात जोडून उभे राहिले हो माझ्यासमोर, मलाच कसंतरी झालं. म्हणाले, सुनेनं विहिरीपलीकडची जागा धरली होती, आदल्या दिवशी मीच तिला दटावून शेडजवळची करायला लावली. सुनेचा काही दोष नाही, तिच्यावरचा भरोसा नका सोडू, म्हणाले. तसं असेल तर मी पलीकडे दुसरा बोअर मारते, तुमच्याच गाडीनं. खरं आहे का ते?"

हो म्हटलं तर गाडी निघते. नाही म्हटलं तर तो माणूस उन्हात जाऊन, आयुष्यभराचं नाव घेऊन, एका बाईपुढं हात जोडून खोटं बोलून आला, हे मी माह्या तोंडानं सांगायचं.

म्हटलं, ताई, एक मिनिट हं.

फोन कानालेच लावून आहे. ताई तिकडं हॅलो हॅलो करून राह्यल्या. दुसऱ्या हातानं हे लिहून राह्यली, काहून ते मलेच माहीत नाही. आंगणातून मामाजीचा आवाज, "कोणाचा फोन हाये वो?"